सशांना प्रोबायोटिक द्यायचं असेल तर: कधी, किती, कशातून आणि फरक पडतोय हे कसं ओळखायचं

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला फायदा व्हावा म्हणून खाद्यातून किंवा पाण्यातून द्यायचे जिवंत जिवाणू किंवा यीस्ट, दिलं म्हणून धडधाकट ससा अजून धडाधड वाढतो असं फारसं होत नाही. पुडीवर मात्र तेच लिहिलेलं असतं, वजन झपाट्याने वाढवते वगैरे. खरा फायदा दिसतो तो आईपासून तोडल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत, जुलाब कमी होतात, मरतुक कमी होते, जी पिल्लं अर्धमेली होऊन मागे पडली असती ती बाकीच्यांबरोबर चालत राहतात, आणि मग अख्ख्या लॉटचं सरासरी वजन वर जातं. वाढ मिळते, पण अशा मागच्या दाराने. हे एकदा डोक्यात बसलं की कधी द्यायचं, किती दिवस द्यायचं आणि कुठे पैसे वाया जातात ते आपोआप कळायला लागतं.

सशाचं पोट थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे

ससा गाई-म्हशीसारखा रवंथ करत नाही आणि कोंबडीसारखाही नाही. त्याच्या पोटात लहान आतडं आणि मोठं आतडं जोडतं तिथे सीकम नावाची मोठी पिशवी असते, पचनसंस्थेतला जवळपास ४० टक्के माल एकट्या तिच्यात असतो. तिथे अब्जावधी जिवाणू राहतात, तंतू आंबवतात, त्यातून अॅसिटेट, ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी फॅटी अॅसिडं तयार होतात आणि ती सशाला ऊर्जा म्हणून मिळतात. सीकममधला पीएच साधारण ६ च्या आसपास असतो. तो जागेवर राहिला तर चांगले जिवाणू जागेवर, तो बिघडला की क्लॉस्ट्रिडियम आणि ई. कोलाय हे रोग करणारे जिवाणू डोकं वर काढतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कडक गोल लेंड्या आपण रोज झाडून काढतो त्या, आणि दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या चिकटलेल्या, या तो थेट गुदद्वाराशी तोंड लावून परत खातो. ही घाण सवय नाही, यातून त्याला जिवाणूंनी बनवलेलं प्रोटीन आणि बी गटातली जीवनसत्त्वं मिळतात. जाळीच्या पिंजऱ्यातही तो हे करतोच कारण लेंडी खाली पडायच्या आतच तोंडात जाते. जाळीवर किंवा ट्रेमध्ये मऊ लेंड्यांचे घोस पडलेले रोज दिसत असतील तर खाद्यात स्टार्च किंवा प्रोटीन जास्त होतंय असं धरा, आणि आधी ते बघा, पुडी नंतर.

आता पिल्लांचं. दूधपित्या पिल्लाच्या पोटात आम्ल कमी असतं, पण आईच्या दुधातल्या खास फॅटी अॅसिडांमुळे त्या वयात जंतू फारसे टिकत नाहीत. साधारण १८ ते २१ दिवसांचं झालं की पिल्लू खाद्य कुरतडायला लागतं, ३० ते ३५ दिवसांत आपण त्याला आईपासून तोडतो. म्हणजे दुधाचं संरक्षण गेलं, पोटातलं आम्ल अजून मोठ्या सशाइतकं कडक झालेलं नाही (मोठ्याचं पीएच १ ते २ असतं) आणि सीकममधली जिवाणूंची वस्ती अजून बसतेय, तशातच नवं खाद्य आणि नवा पिंजरा. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं का मरतात त्याचं उत्तर इथे आहे, आणि प्रोबायोटिकला काम करायला जागाही इथेच मिळते. मोठ्या, सेट झालेल्या सशाच्या पोटात जिवाणूंची वस्ती भरलेली असते, तिथे बाहेरून चार जिवाणू टाकून फारसं काही हलत नाही.

पायरी पहिली: पुडी आणायच्या आधी या चार गोष्टी तपासा

तंतू सगळ्यात आधी. वाढत्या पिल्लांच्या खाद्यात क्रूड फायबर १४ ते १८ टक्के हवं, प्रोटीन १५ ते १७ टक्के पुरतं. बरेच जण वजन वाढावं म्हणून मका, गहू भरड वाढवतात आणि तिथेच गडबड होते, कारण लहान पिल्लाला सगळं स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, उरलेलं सीकममध्ये जातं आणि तिथे नको ते जिवाणू त्यावर माजतात. कोंबडीचं खाद्य सशाला घालणारे लोक अजून आहेत. त्यात तंतू अगदीच कमी असतो, आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत नॅरासिन, मॅड्युरामायसिनसारखी औषधं असतात जी सशाला विषारी ठरतात, त्यामुळे तो विषयच बंद करा.

पाणी. ससा जेवढं कोरडं खाद्य खातो त्याच्या दीड-दोन पट पाणी पितो. निपल (पाणी प्यायची तोटी) गळतंय की बंद पडलंय हे रोज एकेक दाबून बघावं लागतं, लांबून बघून कळत नाही. पाणी नाही तर खाणं नाही, खाणं नाही तर वाढ नाही, हिशोब एवढा सरळ आहे.

कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिओसिस. जुलाब म्हटलं की लोक जिवाणूंच्या मागे लागतात पण पिल्लांमध्ये हा रोग करणारा आयमेरिया हा परजीवी बऱ्याचदा मुळाशी असतो. प्रोबायोटिक कॉक्सीवर औषध नाही. लेंड्यांची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्या, काम थोडंसंच असतं, पण त्याने पुढचा बराच खर्च वाचतो.

आणि गरमी. सशाला १५ ते २१ अंश बरं वाटतं, ३० च्या वर गेलं की तो खाणं कमी करतो कारण घाम येऊन अंग गार करायची सोय त्याच्याकडे नाही, फक्त कान आणि श्वास. खाणं कमी झालं की वाढ तिथेच थांबते. उन्हाळ्यात यीस्ट दिल्याने पचन थोडं सावरू शकतं पण पंखा, हवा खेळती ठेवणं, छपरावर पाणी मारणं याच्या जागी पुडी चालत नाही.

ही चार कामं झाली नसतील तर पुढे वाचलं तरी चालेल पण खरेदी नका करू.

पायरी दुसरी: कोणता प्रकार घ्यायचा

बाजारात सशांसाठी म्हणून जे मिळतं ते ढोबळमानाने तीन गटांत बसतं.

पहिला लॅक्टिक अॅसिड बनवणारे जिवाणू, लॅक्टोबॅसिलस, एन्टरोकॉकस, पेडिओकॉकस ही मंडळी. नाव सगळ्यांना माहीत, पण गंमत अशी की सशाच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलस मुळातच फार थोडे असतात, तिथे बॅक्टेरॉइडिस आणि तंतू फोडणाऱ्या इतर जातींचं राज्य असतं. त्यामुळे माणसाला किंवा डुकराच्या पिल्लाला जे लागू पडतं ते सशाला तसंच लागू पडेल असं नाही. शिवाय हे जिवाणू नाजूक, उष्णतेने मरतात, ओल लागली की मरतात, पोटातल्या आम्लातून त्यातले बरेच पार होत नाहीत. कोटिंग केलेला माल थोडा बरा टिकतो.

दुसरा गट बॅसिलस, म्हणजे बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस. हे स्पोअरच्या रूपात येतात, म्हणजे जिवाणूने जाड कवच करून घेतलेलं असतं. आम्ल सहन होतं, पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) बनवायच्या मशीनची वाफ बऱ्यापैकी सहन होते, गोदामात महिनोन्महिने टिकतात. पेलेट खाद्यात घालायचं असेल तर माझं मत सरळ याच गटाला.

तिसरं जिवंत यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. ही बुरशी आहे, जिवाणू नाही, त्यामुळे अँटिबायोटिक चालू असलं तरी ती मरत नाही, हा तिचा मोठा फायदा. आतड्यातला उरलासुरला ऑक्सिजन ती वापरून टाकते आणि ऑक्सिजन नको असलेल्या चांगल्या जिवाणूंना वातावरण सोयीचं होतं. भरड खाद्य हाताने मिसळून देणाऱ्यांना यीस्ट सोपं पडतं, पण पेलेटच्या उष्णतेत साधं यीस्ट बरंच मरतं.

लेबल वाचताना यीस्ट कल्चर, निष्क्रिय यीस्ट, यीस्ट सेल वॉल असं काही दिसलं तर तो जिवंत माल नाही. वाईट असतो असं नाही, पण तो प्रोबायोटिक म्हणून मोजू नका. तसंच लेबलवर दिसणारी इन्युलिन, एफओएस, एमओएस ही साखरेच्या साखळ्यांची द्रव्यं प्रीबायोटिक आहेत, म्हणजे जिवंत जीव नाहीत. पहिली दोन चांगल्या जिवाणूंचं खाद्य, तर एमओएस मुख्यतः जंतूंना आतड्याला चिकटू न देण्याचं काम करतं. प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक एकत्र असलेल्या मालाला सिनबायोटिक म्हणतात आणि त्याची किंमत साधारण चढी असते.

एक जण हमखास विचारतो, मग दही घालू का? ब्रेडचं यीस्ट चालेल का? दह्यात जिवाणूंची संख्या आणि जात ठरलेली नसते, त्यातली दुधाची साखर मोठ्या पिल्लाला नीट पचत नाही, आणि खाद्यात ओल आली की बुरशी धरते, बुरशीच्या विषाला ससा फार नाजूक. ब्रेडचं यीस्ट त्याच जातीचं असलं तरी ते पीठ फुगवण्यासाठी निवडलेलं, सशाच्या पोटासाठी नाही. दोन्ही टाळा.

पायरी तिसरी: लेबल वाचणं आणि डोस काढणं

लेबलवर तीन गोष्टी शोधा. स्ट्रेनचं (म्हणजे जातीतल्या ठरावीक वाणाचं) पूर्ण नाव आणि त्यापुढचा आकडा किंवा कोड, कारण एकाच जातीतल्या दोन स्ट्रेनचं काम वेगळं असू शकतं. दुसरं, प्रति ग्रॅम किती सीएफयू, म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत पेशी किती. आणि तिसरं, तो आकडा तयार केला त्या दिवशीचा आहे की मुदत संपेपर्यंतची हमी आहे. पुष्कळ पुड्यांवर पहिलाच असतो.

स्ट्रेनचं नाव इतकं का महत्त्वाचं त्याचं एक उदाहरण. टोयोसेरिन नावाचं बॅसिलस टोयोईचं उत्पादन युरोपात सशांसह बऱ्याच जनावरांना मंजूर होतं, पण त्या स्ट्रेनमध्ये अँटिबायोटिकला दाद न देण्याची जनुकं असल्याचा प्रश्न उभा राहिला आणि २०१३ मध्ये त्याची मंजुरी स्थगित झाली. म्हणजे प्रोबायोटिक आहे म्हणजे निरुपद्रवीच असं गृहीत धरायचं नाही, ज्या पुडीवर नुसतं मिश्र जिवाणू एवढंच लिहिलंय ती दुकानातच ठेवा.

डोस. सशांसाठी बहुतेक उत्पादनं एक किलो तयार खाद्यात साधारण १०० कोटी सीएफयू या आसपास बसवलेली असतात, काही थोडी खाली काही वर, कंपनीने सशासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. आता गणित करून बघा. पुडीत प्रति ग्रॅम २०० कोटी सीएफयू असतील तर एका टनाला ५०० ग्रॅम, म्हणजे १०० किलोला ५० ग्रॅम. पुडीत प्रति ग्रॅम फक्त २० कोटी असतील तर त्याच डोससाठी १०० किलोला ५०० ग्रॅम लागतील. स्वस्त दिसणारी पुडी महाग कशी पडते ते इथे उघडं होतं, म्हणून किंमत किलोवर नाही, सीएफयूवर भागून बघा.

दुप्पट डोसने दुप्पट फायदा होत नाही. उलट यीस्ट फार झालं तर काही पिल्लांच्या लेंड्या सैल पडतात.

पायरी चौथी: मिसळायचं कसं

१०० किलो खाद्यात ५० ग्रॅम पावडर फावड्याने ढवळून ती सगळीकडे जाईल असं समजणं चूक आहे. आधी ५० ग्रॅम पावडर अर्धा किलो कोंड्यात किंवा बारीक भरडीत नीट मिसळा, ते पाच किलो खाद्यात, आणि मग ते पाच किलो उरलेल्या ढिगात, दरवेळी तीन-चार वेळा उलथापालथ. वेळ जातो पण नाहीतर एका पिंजऱ्याला सगळा डोस आणि दुसऱ्याला शून्य असं होतं.

तयार पेलेट विकत घेत असाल आणि त्यात प्रोबायोटिक आधीच नसेल तर बाहेरून पावडर मारायची वेळ येते. कोरडी पावडर पेलेटवरून गळून खाली बसते आणि ससा तो चुरा खात नाही, नाक मुरडतो. थोडंसं खाद्यतेल, १० किलोला दोन-तीन चमचे, आधी पेलेटवर फिरवून मग पावडर मारली की ती चिकटते. असं केलेलं खाद्य मात्र आठवड्याच्या आत संपवा, तेल खवट होतं.

पेलेट स्वतः बनवत असाल तर मशीनचं तापमान विचारात घ्या. वाफ देऊन काढलेलं पेलेट ६० ते ८५ अंशांपर्यंत जातं, लॅक्टोबॅसिलस त्यात राहत नाहीत, साधं यीस्टही बरंच मरतं, स्पोअरवाला बॅसिलस टिकतो. आणि तांबं-जस्ताच्या खनिज मिश्रणात प्रोबायोटिक आधीपासून एकत्र करून महिनाभर ठेवू नका, ती खनिजं जिवाणूंना मारक असतात, दोन्ही वेगवेगळे ठेवून शेवटी खाद्यात टाका.

पाण्यातून देणं सोपं वाटतं आणि आजारी पिल्लू खाणं सोडतं तरी पाणी पितं म्हणून उपयोगीही आहे, पण पाण्यात क्लोरीन असेल तर आपणच जिवाणू मारून आपणच पाजतो. क्लोरीन नसलेलं पाणी वापरा किंवा भरून उघडं रात्रभर ठेवलेलं. हिशोब असा की तोडलेलं पिल्लू दिवसाला ८० ग्रॅम खात असेल तर साधारण १५० मिली पाणी पितं, ६० पिल्लांना नऊ लिटर. सकाळी तेवढ्याच पाण्यात डोस कालवा, संध्याकाळी उरलेलं ओतून द्या, आणि पाइप आठवड्यातून एकदा फ्लश करा कारण अशा पाण्याने पाइपच्या आत बुळबुळीत थर धरतो आणि मग निपल अडकतात. मी स्वतः खाद्यातूनच देणं पसंत करतो, पाणी फक्त तोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यापुरतं.

पायरी पाचवी: वेळापत्रक

सुरुवात आईपासून करा. गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा, व्यायच्या आठवडाभर आधीपासून मादीच्या खाद्यात प्रोबायोटिक चालू करायचं आणि पिल्लं तोडेपर्यंत ठेवायचं. कारण असं की मादी दिवसातून बहुधा एकदाच, तीन-चार मिनिटं दूध पाजायला नेस्ट बॉक्समध्ये (पिल्लांच्या पेटीत) जाते आणि तिथे दोन-चार कडक लेंड्या टाकून येते, पिल्लं त्या लेंड्या कुरतडतात आणि त्यांच्या पोटातली पहिली वस्ती बरीचशी तिथून बसते. त्यामुळे नेस्ट बॉक्समधली प्रत्येक लेंडी उचलून तो चकाचक ठेवायच्या नादी लागू नका. ओला, घाण झालेला भाग बदला, बाकी राहू द्या. मादीला जुलाब असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा सगळा बॉक्स बदलायचा.

मग अठराव्या दिवसापासून पिल्लं जे खाद्य चाखतात त्यात तेच प्रोबायोटिक हवं. तोडल्यावर नवीन पुडी, नवीन खाद्य, नवीन पिंजरा असं सगळं एकदम बदलू नका. शक्य असेल तर मादीला उचलून दुसरीकडे न्या, पिल्लं त्याच पिंजऱ्यात आठवडाभर राहू देत, आणि खाद्यही पाच-सात दिवसांत हळूहळू बदला.

तोडल्यापासून पुढचे चार आठवडे रोज, खंड न पाडता. बाहेरून दिलेले हे जीव सशाच्या पोटात कायमचे घर करत नाहीत, काही दिवसांत लेंडीवाटे निघून जातात, त्यामुळे आठवड्यातून एकदा दणकून देण्याला काही अर्थ नाही. याच काळात पहिले दोन-तीन आठवडे खाद्य थोडं हात राखून, पोटभरच्या ८० टक्क्यांपर्यंत दिलं तर जुलाब अजून कमी होतात, ही पद्धत फ्रान्समधल्या मोठ्या फार्मवर बरीच रुळलेली आहे, वाढ थोडी मागे पडते पण नंतर पिल्लं बरीचशी भरून काढतात.

नवव्या-दहाव्या आठवड्यानंतर मी थांबवतो. त्या वयात पैसे घालून काही विशेष मिळत नाही. अपवाद म्हणजे लांबचा प्रवास, कडक उन्हाळा, खाद्य बदलणं किंवा अँटिबायोटिकचा कोर्स, तेव्हा आठवडाभर परत चालू.

अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक एकत्र आले तर

सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधं देऊच नयेत. ती चांगले जिवाणू साफ करतात, क्लॉस्ट्रिडियम मोकळं सुटतं आणि ससा दोन-चार दिवसांत विषबाधेने जातो. सोबत प्रोबायोटिक दिलं म्हणून हा धोका टळत नाही. इतर जनावरांसाठी आणलेलं औषध अंदाजाने सशाला देणाऱ्यांकडे अख्खा शेड रिकामा होतो तो असाच.

पशुवैद्यकाने सशाला चालणारं औषध दिलं असेल तर यीस्ट बिनधास्त सोबत चालू ठेवा. जिवाणूवाला माल असेल तर औषधापासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा आणि कोर्स संपल्यावर अजून आठवडाभर द्या. खाद्यातल्या कॉक्सीच्या औषधांपैकी सॅलिनोमायसिनसारखी काही लॅक्टोबॅसिलस गटालाही मारतात, डायक्लाझुरिल आणि रोबेनिडीनबरोबर तसा प्रश्न नसतो. कंपनीला हे थेट विचारा, उत्तर देता आलं नाही तर तेही एक उत्तरच आहे.

आणि जुलाब सुरू झालेच, पोट फुगलं, पिल्लू कोपऱ्यात बसून दात खातंय, तर प्रोबायोटिकवर अवलंबून बसू नका. खुराक बंद, चांगला सुका चारा आणि पाणी चालू, इलेक्ट्रोलाइट, पिल्लू वेगळं काढा, डॉक्टरला फोन. अशा पिल्लाला निरोगी मोठ्या सशाच्या मऊ लेंड्या खाऊ घालायची जुनी पद्धत आहे आणि ती चुकीची नाही, सीकमची अख्खी वस्तीच आयती मिळते, फक्त तो ससा कॉक्सीमुक्त आहे याची खात्री हवी.

पायरी सहावी: फरक पडतोय का, हे मोजून बघा

इथे बहुतेक जण घसरतात. मागच्या लॉटला दिलं नव्हतं, या लॉटला दिलं, हे वाढले, म्हणजे पुडी चांगली. अहो पण मागचा लॉट कडक उन्हात होता आणि हा थंडीत, फरक हवामानाचा असेल.

बरोबर पद्धत अशी. एकाच वेळी तोडलेल्या आठ-दहा मादींची पिल्लं घ्या, प्रत्येक मादीची अर्धी पिल्लं प्रोबायोटिकच्या गटात, अर्धी बिनप्रोबायोटिकच्या गटात, कारण मोठ्या दुधाळ मादीची पिल्लं मुळातच दणकट असतात आणि ती सगळी एकीकडे गेली तर निकाल फसवा येतो. पिंजरे आलटून पालटून ठेवा, एक गट पंख्याजवळ आणि दुसरा भिंतीजवळ असं नको. खाद्य एकाच बॅचचं, फरक फक्त पुडीचा, आणि बिनपुडीच्या गटाचं खाद्य आधी मिसळा म्हणजे भांड्याला लागलेलं त्यात जाणार नाही. वजन तोडताना, मग दर आठवड्याला, त्याच वारी त्याच वेळी, सकाळी खाद्य टाकायच्या आधी. खाद्य किती टाकलं आणि किती उरलं दोन्ही लिहा. मेलेलं पिल्लू कोणत्या दिवशी, कोणत्या वजनाला गेलं तेही.

समजा दोन्हीकडे ४०-४० पिल्लं, ६०० ग्रॅमला तोडलेली, ४२ दिवस सांभाळली. बिनपुडीच्या गटात सहा मेली, ३४ उरली, सरासरी वजन २१०० ग्रॅम, खाद्य लागलं १७२ किलो. पुडीच्या गटात तीन मेली, ३७ उरली, सरासरी २१५० ग्रॅम, खाद्य १८५ किलो. रोजची वाढ काढली तर ३५.७ ग्रॅम आणि ३६.९ ग्रॅम, म्हणजे फरक एक-सव्वा ग्रॅमचा, बघून कुणाला पटणारही नाही. पण विकायचं वजन बघा, ७१.४ किलो आणि ७९.५ किलो, आठ किलोचा फरक. खाद्याचा हिशोब करताना सुरुवातीचे २४ किलो वजा केले तर एक किलो वाढीला पहिल्या गटात ३.६ किलो खाद्य लागलं आणि दुसऱ्यात ३.३ किलो, कारण मेलेल्या पिल्लांनी खाल्लेलं खाद्य दुसऱ्या गटात कमी वाया गेलं. आता त्या जादा आठ किलोच्या विक्रीतून जादा १३ किलो खाद्याचे आणि साधारण ९२ ग्रॅम पुडीचे पैसे वजा करा, उरलेलं ते तुमचं.

पण थांबा, सहा आणि तीन हा फरक एका लॉटमध्ये नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो. म्हणून हेच अजून दोन-तीन लॉटवर करा, एक तरी उन्हाळ्यातला घ्या. दरवेळी कल त्याच बाजूला दिसला तर पुडी ठेवा, कधी इकडे कधी तिकडे झालं तर तुमच्या शेडला तिची गरज नाही. ज्या शेडमध्ये आधीच मरतुक फार कमी आहे आणि खाद्य चांगलं आहे तिथे बऱ्याचदा काहीच फरक दिसत नाही, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

पोत्याबद्दल आणि साठवणीबद्दल थोडं

पुडी थंड कोरड्या जागी, २५ अंशांच्या खाली, उन्हापासून लांब. पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलेली पुडी दुपारी किती तापते ते हात लावून बघा. एकदा फोडली की हवाबंद डब्यात, यीस्ट आणि लॅक्टिकवाली महिन्या-दीड महिन्यात संपवायची, फोडल्याची तारीख डब्यावर मार्करने लिहायची. ओल्या चमच्याने काढलं की गेलं. मिसळलेलं खाद्य आठ-दहा दिवसांपुरतंच करा, ६० पिल्लं रोज पाच-सहा किलो खातात म्हणजे एकावेळी ५० किलो पुष्कळ झालं.

विक्रीच्या वेळी प्रोबायोटिकसाठी म्हणून साधारण काही दिवस थांबावं लागत नाही, पण त्याच खाद्यात कॉक्सीचं औषध असेल तर त्याला थांबायचे दिवस असतात आणि ते पोत्याच्या लेबलवर लिहिलेले असतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्याचं खाद्य वेगळ्या पोत्यातून, औषध नसलेलं द्या.